हातभर नळीत थांबलेला समुद्र

धक्क्यावर इंजिनाची कामं करणारे छप्पन सापडतील. पिस्टन काढणारा वेगळा, डिझेलचा पंप खोलणारा वेगळा, आणि नुसता कान लावून "वाल्व्ह वाजतोय" म्हणणारे तर पावलोपावली. त्यांच्याभोवती माणसं जमतात. नळ्या बदलणाऱ्याभोवती कोणी जमत नाही. रबरी नळी म्हणजे घरातली केरसुणी. जागेवर आहे तोवर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण एक नळी फुटली की भर पाण्यात चाळीस माणसं घेऊन बोट गाभण म्हशीसारखी बसकण मारते, आणि मग सगळ्यांना नळीमामा आठवतात.

नळीमामा हे नाव धक्क्यानं ठेवलेलं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. जुन्या बोटींची जुनी डिझेल इंजिनं, आणि त्या इंजिनांना गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या. कोरडवाहू मुलखातनं विसाव्या वर्षी इथं आले, तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला. त्याचा धाक बसला तो बसलाच. चाळीस वर्षं बोटींच्या पोटात गेली, पण पोहायला काही शिकले नाहीत. कोणी हसलं तर म्हणायचे, "मी समुद्राला बोटीबाहेर ठेवायचं काम करतो. त्याच्यात उतरायचं कशाला?"

ही हकिगत मात्र ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. त्यांना बोलायचा कंटाळा. ही पाहिली ती त्यांच्या सुनेनं.

सून शिलाई करते. नवरा ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन आणि भिंतीला खिळ्यावर लटकवलेले मापाचे कागद. लग्न होऊन ती आली त्या पहिल्याच सकाळी केर काढताना तिनं खाटेखाली झाडू घातला आणि किंचाळली. खाटेखाली काळी, वाकडी, हातहातभर लांब काहीतरी वेटोळी पडलेली. सासूबाई स्वयंपाकघरातनं शांतपणे म्हणाल्या, "साप नाहीत. सवत आहे माझी."

त्या जुन्या नळ्या होत्या. प्रत्येक बोटीची प्रत्येक नळी काढली की मामंजी तिचा नमुना घरी आणत. कितीचं वळण, किती लांबी, कुठं बाक. प्रत्येकीला सुतळी बांधलेली आणि सुतळीला गाठी. तीन गाठी आणि मग एक म्हणजे अमकी बोट, दोन आणि दोन म्हणजे तमकी. लिहिलेलं काही नाही. तिला त्यात फार नवल वाटलं नाही. तिचे मापाचे कागद तसे त्यांचे हे. बेतायचं ते मापाशिवाय बेतणार कसं? सासरा-सुनेचं तिथं जमलं.

संध्याकाळी कधी लहर आली तर ते तिला समजावून सांगत. "इंजिनाच्या अंगात दोन पाणी फिरतात. एक घरचं, एक बाहेरचं. घरचं गोडं पाणी इंजिनाच्या अंगातनं फिरून ताप गोळा करतं. बाहेरचं खारं पाणी बोटीच्या तळाच्या कॉकमधनं, म्हणजे तोटीतनं, आत येतं, त्या गोड्या पाण्याचा ताप आपल्यावर घेतं आणि मागच्या धुराड्यातनं निघून जातं. कूलरमध्ये दोघं शेजारी शेजारी येतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. सासू-सुनेसारखी."

"शिवत नाहीत कशी," आतनं आवाज यायचा, "सकाळपासून तिची भांडी घासतेय मी."

आता डोळ्यांचं. दोन वर्षांमागं डोळ्यांच्या डॉक्टरानं सांगितलं होतं की शीर वाळत चाललीय, गेलेलं परत यायचं नाही. उरलं ते कसं, तर नळीतनं बघितल्यासारखं. उन्हात समोरचं ताटाएवढं दिसायचं, बाजूला सगळा काळोख. बोटीच्या पोटात तर तेवढंही नाही. ही गोष्ट घरात प्रत्येकाला ठाऊक होती आणि कोणी कोणाला सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामंजी धक्क्याच्या पायरीवरनं घसरले, त्या दिवशी सासूबाईंनी सुनेला फर्मान काढलं, "उद्यापासून त्यांच्याबरोबर जायचं. पुन्हा पडले तर मला उचलणं होणार नाही. माझी कंबर मलाच पुरत नाही."

त्याच्या पंधरा दिवस आधी एक चूक झाली होती.

इंजिनाच्या पाइपाच्या तोंडाशी एक कडं उठवलेलं असतं, नळी निसटू नये म्हणून. नळी चढवली की तिच्यावर पोलादी क्लिप आवळायची, ती कड्याच्या मागं. कड्यावरच आवळली तर आज पहिलवानाच्या मिठीसारखी घट्ट लागते, आणि आठ दिवस इंजिन तापून निवून झालं की गुपचूप पुढं सरकते. चाळीस वर्षांत एकदाही न झालेलं मामंजींकडनं झालं. एका मासेमारी बोटीची नळी भर पाण्यात सुटली, इंजिन तापून जागच्या जागी आवळलं, आणि बोट अर्धा दिवस लाटांवर हेलकावत राहिली. माणसं सुखरूप आली. पण धक्क्यावर तोंडं सुटली. म्हातारा थकला म्हणे. डोळ्यांचं कोणाला माहीत नव्हतं, म्हणून नुसतं वयावर भागलं.

मामंजी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी पाइपांचे जुने तुकडे पुढ्यात घेतले, सुनेकडनं चिंधी मागितली आणि डोळ्यांवर करकचून बांधली. तिला वाटलं, झालं, म्हातारा भ्रमला. दिसत नाही ते नाही, वर पट्टी कशाला?

"जे दिसत नाही त्यानं चूक केली नाही," ते म्हणाले. "जे थोडं दिसतं, त्यानं केली. हाताला कळत होतं क्लिप कड्यावर आहे. डोळा मधेच म्हणाला, नाही, मागं आहे. मी डोळ्याचं ऐकलं."

आठ दिवस ते पट्टी बांधून बसले. आधी पाइपावर नख चालवत जायचं, कडं कुठं संपतं ते बोटाच्या पेरांत मोजायचं. तेवढंच माप नळीच्या बाहेरच्या अंगावर धरून चाकूनं नखाएवढी खाच पाडायची. नळी चढली की आतलं कडं कोणालाच दिसत नाही, डोळसालाही नाही. पण खाच बोटाला लागते, आणि क्लिप बरोबर त्या खाचेवर येते. सून मशीन चालवता चालवता बघायची. एकदा तिची सुई बोटात गेली, इतकी ती बघत राहिली.

अशात लाँचचा कप्तान घरी आला. पलीकडच्या काठाला माणसं नेणारी जुनी लाकडी लाँच, सहा सिलिंडरचं इंजिन, त्या सगळ्या घरादारापेक्षा वयानं मोठं. कप्तान दारातच उभा राहून म्हणाला, "मामा, इंजिन तापतंय. हळू चालवलं तर तक्रार नाही. फुल रेस दिली की पाच मिनिटांत काटा लालात. कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, कूलर उकळून धुतला. आता म्हणतो इंजिनच गेलं. उद्या चार वाजता तपासणीचे साहेब येणार, दहा मिनिटं फुल रेसवर चालवून बघणार. म्हटलं, त्याआधी सगळ्या नळ्या बदलून बघू."

"बघू की," मामंजी म्हणाले.

कप्तानानं मान खाली घातली. "खरं सांगू? धक्क्यावर लोक काय बोलतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. मी त्यांचं न ऐकता आलोय. हे काम बसलं तर त्यांची तोंडं बंद होतील. नाही बसलं, तर मीही परत यायचा नाही आणि दुसरंही कोणी यायचं नाही."

"चहा घे," मामंजी म्हणाले. कप्तान गेला तसे ते खाटेखाली वाकले, गाठी चाचपत चाचपत त्या लाँचच्या चौदा नळ्या एकामागनं एक बाहेर काढल्या. एकही चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लाँचच्या पोटात उतरली. इंजिनखोली म्हणजे उभं राहिलं तर डोकं आपटणार आणि बसलं तर गुडघे. मधे इंजिन, हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेलं, एखाद्या बैलासारखं रुंद. भिंतींच्या फळ्यांपलीकडं पाणी थापा मारतंय. आपण समुद्राच्या पातळीच्या खाली बसलोय, हे सुनेला तिथं बसल्यावर कळलं.

कप्तान वरच्या झडपेतनं डोकावला. "बॅटरी देऊ का, मामा?"

"दे ना. त्याशिवाय काय दिसणार?" मामंजींनी बॅटरी घेतली, लावली आणि सुनेच्या मांडीवर ठेवून दिली.

आधी त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. मग डोळे मिटून एकेका नळीवर तळहात ठेवत गेले, जसा गुराचा डॉक्टर गाईच्या अंगावरनं हात फिरवतो. ही कडक झालीय. ही फुगलीय, आत कापड कुजलं. ही टाकाऊ नाही पण काढू. शेवटी ते खाली, अगदी तळाशी, कॉकपासून पंपाकडं जाणाऱ्या मनगटाएवढ्या जाड नळीशी आले. कप्तान वरनं म्हणाला, "ती राहू द्या. ती नवीच आहे, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत." खरंच, ती एकटीच काळीभोर आणि तुकतुकीत होती.

"रेस दे," मामंजी म्हणाले. इंजिन गुरगुरलं. "अजून." बोटीचं सगळं अंग थरथरलं. "अजून. पुरी दे."

त्यांनी सुनेचा हात धरला आणि त्या तुकतुकीत नळीवर ठेवला. "काय लागतंय?"

आधी काही नाही. मग तळहाताखाली एक बारीक फडफड. थांबून थांबून. गळ्यात घास अडकलेल्या माणसाच्या गळ्यावर हात ठेवावा तशी. रेस कमी केली की फडफड गेली, नळी पुन्हा गरीब गाय.

"दम कोंडतोय तिचा," मामंजी म्हणाले. "पंपानं जोरात ओढलं की आत काहीतरी आडवं येतं. हळू ओढलं की बाजूला होतं. म्हणून बंद इंजिन खोलून बघणाऱ्या इंजिनिअरला काही सापडलं नाही."

पंप, थर्मोस्टॅट, कूलर एवढं सगळं खोलून जे कोणाला कळलं नव्हतं ते एका तळहाताला कळलं होतं. सुनेनं आपला तळहात उलटून बघितला. त्याच्यावर नुसतं तेल होतं.

इंजिन बंद केलं, निवू दिलं आणि कामाला सुरुवात झाली. ती सगळ्यात खालची नळी शेवटी ठेवायची ठरली. बाकीच्या तेरा. मामंजी कुठलीच जुनी नळी ओढून काढत नव्हते. चाकूनं लांबीतनं चीर द्यायची आणि शेंग सोलावी तशी सोलून घ्यायची. "जुन्या पितळेला ओढाओढ सोसत नाही. म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून उठवू नये, तसंच." नळी निघाली की पाइपाच्या तोंडावर पान्यानं हलकेच टिचकी. बहुतेक पितळ टणटण वाजलं. एका वळणाच्या सांध्यावर आवाज आला थप्प.

"रंग सांग," ते म्हणाले.

सुनेनं बॅटरी मारली. रंगांत ती पक्की. "गुलाबी. बाकीचं पिवळं आहे, हे विटक्या गुलाबी कापडासारखं आहे."

"जस्त खाल्लं खाऱ्या पाण्यानं. दिसायला पितळ, आत खारी बिस्किट." त्यांनी नखानं दाबलं आणि खरोखर कड तुटून हातात आली. तो सांधा त्यांनी बदलायला घेतला.

नवी नळी गरम पाण्याच्या डब्यात बुडवून मऊ करायची, नख, पेर, खाच, चढवायची, दोन क्लिपा, दोघींचे पेच उलट बाजूंना तोंड करून म्हणजे आवळ सगळीकडं सारखी. डोळे मिटलेले. पाना कुठं ठेवला ते हाताला माहीत, पेचकस कुठं ते माहीत. एकदाही हात रिकामा चाचपडला नाही. ते पुढच्या नळीकडं वळले की सून मागच्या क्लिपांवर गुपचूप बॅटरी मारून बघायची. लाँचमध्ये रोज शाळेची पोरं जातात, तिनं शिवलेले गणवेश घालून जातात. नात्यागोत्याचा मान ठेवून चालणार नव्हतं.

अकरावी नळी झाल्यावर मामंजी न वळता म्हणाले, "किती सापडल्या?"

तिनं बॅटरी विझवली. "काय?"

"चुकलेल्या."

"एकही नाही."

"बघत राहा. सासूनं त्यासाठीच पाठवलंय तुला. पायरीसाठी नव्हे."

दुपारचे दोन वाजले तेव्हा तेरा झाल्या आणि खालची एक राहिली. ती काढायची तर तळाचा कॉक बंद केला पाहिजे, नाहीतर समुद्र थेट आत. मामंजींनी कॉकचा दांडा फिरवला. फिरला. पुन्हा फिरवला. पुन्हा तेवढाच सहज फिरला. ते थांबले.

"खोटं बोलतोय," ते म्हणाले. "आतला दांडा तुटलाय. बाहेर मूठ फिरतेय, आत तोंड उघडंच."

कप्तान खाली उतरला. त्यानंही फिरवून पाहिलं आणि तिथंच बसला. कॉक बदलायचा तर बोट वर ओढायला हवी, म्हणजे आठ दिवस. साहेब दोन तासांत येणार.

"बोट पाण्यात असतानाच नळी बदलू," मामंजी म्हणाले. "मी जुनी कापीन, नवी चढवीन. मधे दहा श्वासांचं पाणी येईल."

"मामा, मनगटाएवढं भोक आहे. बुडेल बोट." कप्तानानं बॅटरी उचलली आणि बोलता बोलता तिचा झोत मामंजींच्या तोंडावर आला. मामंजींची पापणी हलली नाही. ते कप्तानाच्या आवाजाकडं बघत होते, थोडं उजवीकडं.

कप्तानानं झोत तसाच धरून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, यांना दिसतं ना?"

तिथं खोटं बोलणं सोपं होतं. "दिसतं की" म्हटलं असतं तर विषय संपला असता. घरी मूठ झाकलेली राहिली असती. खरं बोललं की त्याच घडीला चाळीस वर्षांचं काम संपणार, आणि ते संपवणार कोण, तर घरची सून. तिनं मामंजींकडं बघितलं. त्यांनी तोंड दुसरीकडं केलं होतं. मदत नाही आणि मनाईही नाही.

"नाही दिसत," ती म्हणाली. "इथं खाली तर काहीच नाही. सकाळपासून तेरा नळ्या न बघता बसवल्यात त्यांनी. मी एकेक क्लिप बघितलीय. तुम्हीही बघा, मग काय ते ठरवा."

कप्तान उठला. त्यानं तेराच्या तेरा बघितल्या. दोन ठिकाणी तर पेच सोडून, नळी मागं सारून, आत कडं कुठंय आणि क्लिप कुठं बसली होती ते ताडून पाहिलं. मामंजी मांडी घालून बसले होते, न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसावं तसे.

"सोडलेल्या दोन पुन्हा मीच आवळीन," मामंजी शेवटी म्हणाले. "तू नुसता जोर लावतोस."

कप्तान त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "खालच्याचं कसं करायचं म्हणता?"

मामंजींनी नवी नळी सुनेच्या हातात दिली. "एक टोक माझ्याकडं. दुसरं तू उभं राहून धरायचं, मान वाकवून, छातीशी. काही झालं तरी खाली करायचं नाही."

"वरच्या टोकातनं पाणी उडेल ना? बूच मारू?"

"बूच नको. उघडंच ठेव. बाहेर समुद्र तुझ्या कंबरेएवढा आहे. त्याच्या वर तो चढत नाही."

तिला ते पटलं नाही. एवढा समुद्र, त्याला मनगटाएवढी वाट सापडली, आणि तो उघड्या तोंडाशी येऊन थांबेल कशाला? पण विचारायला वेळ नव्हता. कप्तान हातात लाकडी खुंटी घेऊन तयार बसला, बिघडलंच तर भोकात ठोकायला. मामंजींनी क्लिपा सोडल्या, डोळे मिटले आणि चाकू ओढला.

पाणी आलं ते धारेनं नाही, खांबासारखं आलं. मामंजींच्या छातीवर आदळून चहूकडं उडालं. इतकं गार की सुनेचा श्वास आतच राहिला. बॅटरी विझली. आवाज एवढा की कप्तान ओरडत होता ते त्याच्या नुसत्या तोंडावरनं दिसत होतं. तळातलं पाणी घोट्याला लागलं, पिंढरीला लागलं. झडपेतनं उतरणाऱ्या उजेडात तिला मामंजी दिसले. पोहता न येणारा तो माणूस गळ्यापर्यंत त्या उसळीत बसला होता आणि तोंडावर काही नव्हतं, सुईत दोरा ओवताना असतं तेवढंच. जुनी नळी त्यांनी भिरकावली. नवीचं तोंड धारेच्या आडवं नेलं नाही, बाजूनं, तिरकं आणलं, धारेच्या कडेला टेकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकून एका वळशात खाली दाबलं.

आवाज बंद झाला.

सुनेच्या हातात नळी जड झाली. आतनं काहीतरी वर चढत होतं, तिच्या बोटांखालनं गार होत होत. गुडघ्यापासनं मांडीपर्यंत, मांडीपासनं कंबरेपर्यंत. तिनं डोळे मिटून घेतले, आता तोंडावर उडणार म्हणून. काही उडालं नाही. तिनं डोळे उघडून वरच्या टोकातनं आत वाकून पाहिलं. हातभर खाली काळं पाणी उभं होतं. जरासं वर यायचं, जरासं खाली जायचं. बाहेर लाट आली की वर, गेली की खाली. ज्याचा पलीकडचा काठ कोणी पाहिला नाही, तो तिच्या हातातल्या नळीत येऊन, आपली उंची ओळखून, शहाण्यासारखा उभा होता.

ती हालेना. कप्तानानं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही.

"क्लिप," मामंजी म्हणाले, आणि दोन्ही क्लिपा खाचेवर आवळल्या. मग वरचं टोक तळहातानं दाबून पंपाच्या तोंडावर नेलं. तांब्याभर पाणी सांडलं, तेवढंच. कप्तान पंप लावून तळ उपसायला लागला. मामंजी ओलेचिंब बसून त्या काढलेल्या तुकतुकीत नळीला चीर देत होते. उघडून त्यांनी ती सुनेकडं केली.

आत रबराचा एक थर कापडापासनं सुटून जिभेसारखा लोंबत होता. जोरात ओढलं की ती जीभ उठून वाट अडवायची.

"अस्तर सुटलंय," ती म्हणाली.

"बरोबर. वरनं कोट नवा, आत अस्तर सुटलेलं." त्यांनी नळी तिच्या मांडीवर टाकली. मग हळूच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. मला रोज बॅटरी मागायचा कंटाळा आला होता."

साहेब चारला आले. तुटक्या कॉकचं कप्तानानं आपणहून सांगितलं. मामंजींनी त्याला ते सांगितल्याशिवाय दोर सोडू दिला नसता. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, कॉकशेजारी लाकडी खुंटी सुतळीनं बांधायला लावली, आणि पंधरा दिवसांत बोट वर ओढून कॉक बदला, तोवर उतारू घ्यायचे नाहीत, असं लिहिलं. मग म्हणाले, आता इंजिनाचं बघू.

खाडीच्या मधोमध फुल रेस दिली. पाच मिनिटं झाली. सहा झाली. मागच्या धुराड्यातनं पाणी भडाभडा बाहेर पडत होतं, मोट रिकामी करावी तसं. काटा ऐंशीवर आला, आणि भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखा तिथंच राहिला. दहा झाली. साहेबांनी घड्याळ बघून बाराव्या मिनिटापर्यंत चालवलं, बहुधा त्यांचाच विश्वास बसेना. मामंजी खाली, तळाशी, हात त्या नळीवर ठेवून. सून त्यांच्याशेजारी बसली आणि न सांगता तिनंही हात ठेवला. फडफड नव्हती. पायाखालनं समुद्र त्या नळीत शिरत होता, इंजिनाचा ताप घेऊन परत समुद्रात जात होता, आणि मधे फक्त दोन क्लिपा.

धक्क्याला लागल्यावर साहेब कागद देऊन गेले. कप्तान दोर बांधून आला आणि मामंजींसमोर उभा राहिला.

"मामा, तुम्हाला दिसत नाही हे आता मला ठाऊक आहे. ठाऊक असून मी तुम्हाला एकट्याला खाली सोडू शकत नाही. उद्या कोणाचं काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"बरोबर आहे," मामंजी म्हणाले. चेहरा धुतलेल्या दगडासारखा.

"एकट्याला नाही म्हटलं मी." कप्तान सुनेकडं वळला. "वहिनी, तुम्ही बरोबर असाल, एकेक क्लिप बघणार असाल, तर या धक्क्यावर कोण नको म्हणतो ते मी बघतो. माझ्या भावाची लाँच आहे. गुरुवारी करायची आहे. तिचंही वय झालंय."

मामंजी ओल्या बाह्या पिळत राहिले. मग म्हणाले, "तिला विचार. तिचं तिचं काम आहे. मशीनवर कापडांचा ढीग पडलाय."

दोघं तिच्याकडं तोंड करून उभे राहिले. एक बघत होता, एक ऐकत होता. तिच्या नखांत काळं तेल गेलं होतं, ते आठ दिवस निघणार नव्हतं, आणि गणवेशाचं पांढरं कापड घरी वाट बघत होतं.

"गुरुवारी मला गणवेश द्यायचेत," ती म्हणाली. "शुक्रवारी येऊ आम्ही."